दोन आवाजांची आई

मी दमले आहे, हे आधीच सांगून टाकते. आजारातून उठलेल्या बाईचं लिखाण हातात घेतलं की माणूस त्यात उमेद शोधतो. ती इथे आहे, पण भाजीत हिंग घालतो तेवढीच. ज्यांचा आवाज गेला आहे किंवा जाणार आहे, जे कुठल्याशा वेटिंग रूममध्ये बसून फोनवर नको नको ते वाचताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला तेव्हा मराठीत काहीच सापडलं नव्हतं. जर्मनमध्ये सापडलं ते इतकं नीटनेटकं होतं की वाचून आणखीच थकायला झालं.

आम्ही बाड हॉम्बुर्गला राहतो. नवरा निखिल फ्रँकफर्टला एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मुलगी इरा तेव्हा तिसरीत होती. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, आल्या त्या थंडी बघून परत जायच्या बेतात होत्या, आणि मग माझ्यामुळे राहिल्या. मी घरून भाषांतरं करते. पोटासाठी पंपांची आणि झडपांची माहितीपत्रकं. आणि मनासाठी, एका स्कॉटिश कादंबरीकाराच्या आयुष्यावर आणि पुस्तकांवर मराठीत एक पुस्तक लिहीत होते.

त्याचं नाव इथे घेत नाही, कारण आमच्या घरात ते कुणी घेत नाही. घराणं दीपगृहं बांधणाऱ्यांचं, हा मात्र लहानपणापासून छातीने अधू. बालपण अंथरुणात गेलं, आणि सांभाळणारी दाई उशाशी बसून भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. पुढे याने समुद्री चाच्यांच्या साहसकथा लिहिल्या, अंगावर काटा येईल अशा भयकथाही लिहिल्या, आणि त्यातलं बरंचसं उशीला टेकून, खोकत. मी एकदा जेवताना हे सगळं सांगत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा माणूस खोकण्याशिवाय काही करतो की नाही?" त्या दिवसापासून त्याचं नाव 'खोकणारा' पडलं.

जेवणं झाली की मी इराच्या पलंगावर बसून त्याची चाच्यांची कादंबरी वाचायचे. पुस्तक इंग्रजी, पण तोंडातून मराठीच काढायचं, असा माझा नेम होता. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. तिला कोथिंबीर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण गलबत, सुकाणू, फितुरी हे शब्द पाठ होते. निखिलचं मराठी ऑफिसातून घरी येईपर्यंत अर्धं इंग्रजी झालेलं असतं. सासूबाई आज ना उद्या जाणार. म्हणजे हिशेब सरळ होता: माझ्या तोंडातून निघेल तेवढंच त्या मुलीचं मराठी.

आणि त्या वसंतात माझा घसा बसला.

वाईट, पण शहाणं

आधी वाटलं, झाडांचे परागकण. इथे निम्मं गाव त्याने शिंकत असतं. सासूबाईंनी ज्येष्ठमध चघळायला दिलं, हळदीचं दूध पाजलं, मिठाच्या गुळण्या झाल्या. "त्या खोकणाऱ्याचं इतकं वाचतेस, लागलंच शेवटी," असं त्या हसत म्हणाल्या. नंतर या वाक्याचं त्यांना इतकं वाईट वाटत राहिलं की मलाच त्यांची समजूत काढावी लागली, तीही लिहून.

घसा सुटेना. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घातला आणि त्या अचानक फार प्रेमळ झाल्या. जर्मन डॉक्टर प्रेमळ झाला की समजावं. त्यांनी फ्रँकफर्टच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली, तिथे तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि रिपोर्टच्या दिवशी मी आणि निखिल एका टेबलासमोर बसलो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी एक शब्द उच्चारला, 'ब्योसआर्टिग'. मी भाषांतर करणारी बाई, पण माझ्या पत्रकांतल्या झडपांना कधी असलं काही झालेलं नव्हतं. मी शब्द फोडायला बसले. ब्योस म्हणजे दुष्ट. आर्टिग म्हणजे शहाणं, ऐकणारं बाळ. इरा किंडरगार्टनमध्ये असताना तिथल्या बाई रोज सांगायच्या, आज इरा किती आर्टिग होती. दुष्ट, शहाणं बाळ? असं कसं असेल? खोकणाऱ्याची एक भयकथा आहे, एकाच देहात एक सभ्य गृहस्थ आणि एक नीच माणूस राहतात अशी. मला वाटलं, डॉक्टर माझ्या गळ्यात तसंच काहीतरी सापडल्याचं सांगताहेत. डॉक्टर बोलत राहिल्या, मी व्याकरणात अडकले होते. शेवटी निखिलनेच विचारलं, "आल्झो... म्हणजे, कॅन्सर?" डॉक्टरांनी मान हलवली. मग मला कळलं की ते 'आर्टिग' बाळाचं नव्हतंच, त्याचा अर्थ नुसता 'जातीचा'. दुष्ट जातीचा.

अगदी सुरुवातीचा होता. लेसरने निघेल, जीव वाचण्याची शक्यता खूपच चांगली, असं त्या म्हणाल्या.

"आणि आवाज?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"आवाजाचं आत्ता सांगता येत नाही, फ्राउ साठे," डॉक्टर म्हणाल्या. "ऑपरेशननंतर पूर्ण शांतता. कुजबुजायचंसुद्धा नाही."

परतीच्या एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, निखिल खिडकीबाहेर बघत होता. "इराला काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"खरं ते."

"आणि आईला?"

बाड हॉम्बुर्ग आलं आणि आम्ही उतरलो.

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. खोकणारा चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. इतकी वर्षं त्याच्या आयुष्याची टिपणं काढत होते, पण हे आधी कधी माझ्या मनात आलं नव्हतं. आता ते जाईना.

पाटी

ऑपरेशनच्या आधी इराने मला तिची खेळण्यातली पाटी दिली. चुंबकाच्या पेनाने लिहायचं, खालची पट्टी सरकवली की पुसलं जातं. बोलता येणार नाही तेव्हा यावर लिही, असं तिने जर्मनमध्ये बजावलं. अडचण एकच होती, की इराला देवनागरी वाचता येत नाही. जर्मनमध्ये लिहिणं सोपं होतं, पण ते मला करायचं नव्हतं. आवाज जातोय तो जातोय, त्याच्याबरोबर मराठीही कशाला घालवायची? म्हणून मी एक शक्कल काढली. मराठी लिहायचं, पण जर्मन शाळेत शिकवतात त्या स्पेलिंगने. 'चहा' लिहायला इतकी अक्षरं लागत की तोवर चहा गार व्हावा. पण इरा ते मोठ्याने वाचायची आणि तिच्या तोंडून मराठी ऐकू यायचं. तिला तो खेळ वाटला, आणि मीही तिला तसंच वाटू दिलं.

ऑपरेशन नीट झालं, असं मला सांगण्यात आलं. मला फक्त घशात निखारा असल्यासारखं वाटत होतं. हॉस्पिटलचे दिवस एकसारखे जात. सकाळी फेरी, डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत आणि मी अंगठा वर करत असे. मग बटाट्याचा लगदा. मग दही. संध्याकाळचं जेवण इतक्या लवकर येई की बाहेर लखलखीत ऊन असायचं. शेजारच्या खाटेवर फ्राउ लिंडनर नावाच्या वयस्क बाई होत्या, त्यांनाही बोलायला बंदी. आम्ही दोघी मुक्या बाया दुपारी टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम बघायचो, आणि कुणी जास्त मीठ घातलं की एकमेकींकडे बघून नाक मुरडायचो. एका दिवशी निखिलने सासूबाईंनी दिलेला मऊभात आणला, तूप आणि मेतकूट घालून. मी फ्राउ लिंडनरना चमचाभर दिला. त्यांनी डोळे मिटले, आणि वाटी पुन्हा पुढे केली. त्या आठवड्यात मला झालेला सगळ्यात मोठा आनंद तो.

इराला आणू नकोस, असं मी निखिलला लिहून कळवलं होतं. तोंड सुजलं होतं, हातात सलाइन, केसांची अवस्था बघवत नव्हती. तो तरीही घेऊन आला, कारण ती घरी जेवत नव्हती. ती दारातच थबकली. मला बघितलं, निखिलच्या मागे सरकली, आणि तिने जर्मनमध्ये विचारलं, मी आत येऊ का?

मला तिचा तो चेहरा सहन होईना. बाबाबरोबर जा बाळा, खाली कॅफेत जा, एवढं मला सांगायचं होतं. पेन धरायचं त्राण नव्हतं. मी फक्त एक शब्द लिहिला, 'जा', आणि घाईत स्पेलिंग आपल्या भारतीय सवयीने केलं. दोन अक्षरं, जे आणि ए. मी पाटी तिच्याकडे वळवली.

इराने मोठ्याने वाचलं, "या."

जर्मनमध्ये ती दोन अक्षरं म्हणजे 'हो'. उच्चार 'या'. मी तिला हाकलत होते, तर जर्मन मला 'हो' म्हणायला लावत होती आणि मराठी 'या' म्हणून तिला आदराने आत बोलावत होती. ती आली. बूट न काढताच खाटेवर चढली, आणि सलाइनच्या हाताला लागणार नाही अशी, पण अगदी चिकटून बसली. मी पट्टी सरकवून शब्द पुसून टाकला. तिला काय कळणार होतं? आणि मला तरी तो शब्द दुरुस्त करून काय मिळणार होतं? निखिल दारात उभा राहून उगीचच चष्मा पुसत होता.

मौन

घरी आले तर घरात सगळेच कुजबुजत होते. मी बोलत नव्हते म्हणून सगळ्यांनीच आवाज खाली आणले होते. बंदी मला होती, कानांना नव्हती, हे मी लिहून दाखवलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

निखिलने सगळं हाती घेतलं. डॉक्टरांच्या वेळा, विमा कंपनीचे फोन, इराची शाळा. माझ्या वतीने तोच बोलायला लागला. बेकरीत बाई मला विचारायची आणि हा उत्तर द्यायचा. "आम्हाला जरा थकवा आहे," तो डॉक्टरांना म्हणाला, तेव्हा मी पाटीवर मोठ्या अक्षरांत 'मला' असं लिहून त्याच्या नाकासमोर धरलं. तो रागावला नाही, आणि त्याचाच जास्त राग आला. तळघरात कपडे धुवायला गेला की त्याला फार वेळ लागायचा. मशीन तर आपोआप चालतं. वर येताना त्याचे डोळे लाल असत, आणि साबणाचा वास सहन होत नाही असं तो सांगायचा.

मग एका सकाळी सासूबाईंना स्पीकरवर माझ्या मावससासूशी बोलताना ऐकलं. "मृणाल ना? तिचं मौन चाललंय. हो, व्रतच. नाही, विपश्यना नाही, आपलं साधं मौन. आत्ता नाही येणार फोनवर."

आणि मग मेसेज यायला लागले. हात जोडलेली चिन्हं, कमळाची फुलं. तुझ्याकडून खूप शिकण्यासारखं आहे, असं माझ्या नणंदेने लिहिलं. साताऱ्याच्या कुठल्याशा काकूंनी मौनाचे फायदे पाठवले. मी संतापाने नुसती पेटले होते. पण भांडायला आवाज लागतो, हे आवाज गेल्यावरच कळतं. मी पाटीवर लिहायला घेतलं, 'अहो आई, तुम्ही लोकांना खोटं', पाटी भरली, पुसली, पुढचं लिहिलं, 'का सांगताय', आणि वर बघते तर सासूबाई कणीक मळायला निघून गेलेल्या. मी पाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्यांनी वाचलं. हात कणकेत तसेच ठेवून म्हणाल्या, "अगं, कॅन्सर म्हटलं की लोक आवाज खाली करतात. मौन म्हटलं की हात जोडतात. तुला काय हवंय ते सांग, मी तसं सांगते."

मला काय हवं होतं ते मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. ज्यांना हे सगळं आपल्या माणसांना कसं सांगावं असा प्रश्न पडलाय, त्यांना मी एवढंच सांगेन, की घरातल्या एकाने तरी पूर्ण खरं ऐकलेलं असावं. बाकीच्यांना कमळं पाठवू द्या.

खोकणाऱ्याचा राग

लोकांना वाटलं, या काळात माझं पुस्तक पुरं होईल. 'आता वेळच वेळ' हे निरोगी माणसाचं वाक्य आहे. मी टिपणं उघडून बसायचे आणि खोकणाऱ्याचा राग यायचा. त्याच्या छातीतून रक्त आलं तेव्हा डॉक्टरांनी त्यालाही बोलायची बंदी केली होती. तर हा पठ्ठ्या बोटांच्या खुणांनी मजकूर सांगायचा आणि घरचे तो उतरवून घ्यायचे. आधी हे वाचून मी भारावले होते. आता वाटायचं, अरे बाबा, झोप ना जरा. दमलेल्या माणसाला जिद्दीच्या गोष्टी सांगू नयेत. त्याला पांघरूण द्यावं आणि खोलीतून निघून जावं.

एका गोष्टीने मात्र दिलासा दिला. हा माणूस आयुष्यभर छातीला घाबरत जगला, त्यासाठी देश सोडून पार पॅसिफिकमधल्या बेटावर जाऊन राहिला, तिथल्या लोकांनी त्याला 'गोष्टी सांगणारा' असं नाव दिलं. आणि गेला तो छातीने नाही. संध्याकाळच्या जेवणाच्या तयारीत बायकोला मदत करता करता मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, आणि संपलं. ज्याला तो इतकी वर्षं भीत होता ते दारात नुसतं उभं राहिलं, आत आलंच नाही. हे वाचून कुणाला धीर येईल असं वाटत नाही. मला आला.

दुसरा आवाज

बोलायची परवानगी मिळाली तो दिवस मी मनात बराच सजवून ठेवला होता. इरा शाळेतून येऊन बूट काढत होती, पाठ माझ्याकडे. मी हाक मारली, "इरा."

ती वळली नाही. तिला ती हाक आपल्याला आहे असं वाटलंच नाही. मी पुन्हा मारली, तेव्हा दचकून वळली आणि माझ्या मागे कोण आहे ते बघायला लागली. तो आवाज जाडाभरडा, खालच्या पट्टीतला, मध्येच हवा सुटणारा होता. एखाद्या विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याचा असावा तसा. सुधारेल, पण पहिल्यासारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. मला चालणार होतं, जिवाच्या बदल्यात काय वाटेल ते चालणार होतं. पण इरा जेवताना जर्मनमध्ये म्हणाली, "ही मामासारखी बोलत नाही." मामा म्हणजे तिच्या भाषेत आई. माझ्याबद्दल, माझ्यासमोर, निखिलला. सासूबाईंनी तिला दटावलं तर ती ताट सोडून उठली.

पुढे काही दिवस ती मला टाळत होती. मी काही विचारलं की मान हलवायची, म्हणजे मला आणखी बोलावं लागू नये. एका दुपारी न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं आणि आतून माझा आवाज येत होता. जुना. स्वच्छ, जरासा चढा, थोडा कटकट्या. "इरू, दात घासलेस का गं? बाबाला त्रास देऊ नकोस हं. मी रविवारी येते." आदल्या वर्षी मी पुण्याला माहेरी गेले असताना पाठवलेले ते मेसेज होते. इरा टबच्या कडेवर बसून टॅबवर तोच मेसेज पुन्हा पुन्हा लावत होती.

मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. त्या बाईचा मला हेवा वाटला. तिला काही झालेलं नव्हतं, ती रविवारी येणार होती, आणि माझी मुलगी तिची वाट बघत होती. मी आवाज न करता मागे फिरले. आवाज न करणं आता मला चांगलं जमत होतं.

स्पीच थेरपीच्या बाईंनी थोडं थोडं मोठ्याने वाचायला सांगितलं, मातृभाषेत, थकवा आला की थांबायचं. मला एकच पुस्तक सुचलं. त्या संध्याकाळी मी न विचारता इराच्या पलंगावर बसले, जिथे सोडलं होतं ते पान काढलं आणि सुरुवात केली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बेटावर चाच्यांचं भांडण जुंपलं होतं. त्यांचा म्होरक्या धमकी देत होता, आणि मी मराठीतून धमकी दिली. घशातून खरखर निघाली ती मलाही नवी होती.

इरा वळली. "येट्स्ट क्लिंग्ट एर एष्ट," ती म्हणाली. आता तो खरा वाटतोय.

मला हसू आलं, आणि हसण्याचाही आवाज गंजलेल्या कडीसारखाच निघाला. ती पण हसली. मी आणखी दोन धमक्या दिल्या, जरा जोरातच, थेरपीच्या बाईंनी बघितलं असतं तर रागावल्या असत्या. मग पान उलटताना मला पांघरुणाखाली उजेड दिसला. टॅब होता. पडद्यावर लाल ठिपका चालू होता.

"काय करतेस गं?"

इराने टॅब लपवला नाही. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. शब्द जुळवत असावी. मग तिने आयुष्यातलं पहिलं पूर्ण मराठी वाक्य मला म्हटलं.

"ही पण गेली तर?"

जर्मनमध्ये आवाज स्त्रीलिंगी असतो. तिची सगळी लिंगं तिकडून येतात. मराठीत तो आवाज, बाळा, 'हा पण गेला तर' म्हणायचं. एरवी मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. पुढची तपासणी आठवड्यावर आली होती, आणि ते तिला माहीत होतं. ही म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. टॅब तिच्या हातातून घेतला, उशीवर माझ्या तोंडाजवळ ठेवला, आणि पुढचं वाचायला लागले.